शंभरपैकी किती? : संगणकीय खेळांची मासिके आणि त्यांतली समीक्षा

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेजवळ, लडलो नावाचे जुने बाजारगाव आहे. पडका किल्ला, लाकडी चौकटींची घरे, भोवती शेती. संगणकाशी या गावाचा संबंध जोडावा असे तिथे काही दिसत नाही. तरीही १९८०नंतरच्या दशकात ब्रिटनमधली हजारो शाळकरी मुले महिनाभर ज्याची वाट पाहत ते मासिक याच गावातून निघे. त्याचे नाव 'क्रॅश'. रॉजर कीन आणि ऑलिव्हर व फ्रँको हे फ्रे बंधू यांनी चालवलेल्या 'न्यूजफील्ड' या छोट्या प्रकाशनसंस्थेने ते काढले. पहिल्या अंकावर फेब्रुवारी १९८४ ही तारीख आहे.

या मासिकाचा जन्म मला महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. 'क्रॅश' आधी मासिक नव्हते, सूचिपत्र होते. टपालाने खेळांच्या कॅसेटी विकण्याचा या मंडळींचा धंदा होता आणि गिऱ्हाइकाला माल कसा आहे हे कळावे म्हणून यादीत प्रत्येक खेळाबद्दल चार ओळी लिहिल्या जात. त्या चार ओळींचे पुढे चार परिच्छेद झाले, मग पाने झाली. म्हणजे इथला समीक्षक दुकानाच्या गल्ल्याशेजारी जन्मला. या जन्मखुणेचे पुढे काय झाले, ती पुसली गेली की अधिक गडद झाली, हा या लेखाचा विषय आहे.

साहित्याच्या वाचकाला यात परके वाटण्यासारखे फारसे काही नाही. आपल्या नियतकालिकांतही 'साभार पोच' असते, अभिप्रायार्थ आलेल्या प्रती असतात, आणि ज्या प्रकाशकाची जाहिरात मलपृष्ठावर आहे त्याच्याच पुस्तकाचे परीक्षण आत असते. फरक प्रमाणाचा आहे. मराठी प्रकाशकाच्या जाहिरातीवर मासिकाचे भवितव्य क्वचितच ठरते. खेळांच्या मासिकात मात्र जवळजवळ प्रत्येक जाहिरात ही ज्याचे परीक्षण करायचे त्याचीच असे. न्यायाधीशाचा पगार पक्षकारांनी द्यायचा, अशी ही व्यवस्था होती.

'क्रॅश'च्या आधीही अशी मासिके होती. ब्रिटनमध्ये 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' नोव्हेंबर १९८१मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' आले. ते काढणारे आर्नी कॅट्झ, बिल कुंकल आणि जॉइस वर्ली हे तिघे विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या वर्तुळातून आलेले होते. घरी छापून आपापसांत वाटायची हौशी पत्रे काढण्यात त्यांचे हात तयार झाले होते. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल लघुअनियतकालिकांचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही जात लगेच ओळखू येईल : पैसा कमी, मते भरपूर, आणि आपण बोलतो आहोत ती गोष्ट महत्त्वाची आहे याबद्दल शंका नाही.

आरंभीच्या त्या अंकांत एक प्रकार असा होता, जो दुसऱ्या कुठल्याही नियतकालिकात सापडणार नाही. अंकात खेळ छापलेला असे. खेळाबद्दलचा मजकूर नव्हे, खुद्द खेळ. बेसिक या संगणकीय भाषेतल्या ओळी क्रमांक घालून पानेच्या पाने छापत, आणि वाचकाने त्या आपल्या यंत्रावर अक्षर न अक्षर टंकायच्या. १९८२ साली आलेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या यंत्रावर हे थोडे सोपे होते, कारण 'पी' हे बटण दाबले की अख्खा 'प्रिंट' शब्द उमटे. तरीही शेवटी नुसत्या आकड्यांच्या रांगा येत, आणि तिथे एक आकडा चुकला की खेळ सुरूच होत नसे. चूक आपली की छापखान्याची हे कळायला मार्ग नसे. पुढच्या अंकातल्या शुद्धिपत्राची वाट पाहावी लागे. मासिकाचे वाचन इतक्या शब्दशः अर्थाने बोटांनी केलेले मला दुसरे माहीत नाही. या याद्या टंकणाऱ्यांपैकी काही जण पुढे स्वतः खेळ लिहू लागले, यात नवल नाही. शुद्धलेखन करता करता लेखक व्हावे तसेच ते.

कॅसेटवर तयार खेळ स्वस्तात मिळू लागले तशी ही पाने आटली. 'मास्टरट्रॉनिक'सारखी कंपनी १ पौंड ९९ पेन्सला खेळ विकू लागल्यावर आकड्यांच्या रांगा कोण टंकेल? यादी गेली आणि तिची जागा परीक्षणाने घेतली. कारण प्रश्नच बदलला होता. खेळ कसा बनवावा याऐवजी कोणता विकत घ्यावा, असे वाचक विचारू लागला. आणि विचारणारा बारा-चौदा वर्षांचा, खाऊच्या पैशांतून महिन्याला एखादीच कॅसेट घेऊ शकणारा. त्याची निवड चुकली तर महिना फुकट गेला.

'क्रॅश'ने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला आजही समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय वाटते. एका खेळावर एकाच माणसाचे मत त्यांनी छापले नाही. आधी खेळाचे वर्णन, मग तीन वेगवेगळ्या खेळाडूंचे अभिप्राय, एकाखाली एक. खेळणारे बहुतेक गावातलेच, शाळा सुटल्यावर कचेरीत येणारे. तिघांचे पटलेच पाहिजे असा आग्रह नव्हता. एकाला खेळातली चित्रे आवडत, दुसरा म्हणे की चित्रांचे काय घेऊन बसलात, उडी मारताना बोट अडखळते. साहित्यात आपण वाचकागणिक बदलणाऱ्या अर्थाविषयी निबंध लिहीत होतो, तेव्हा इथे तो बदल एका चौकटीत बसवून छापला जात होता, आणि तोही कसलेही सिद्धांत न सांगता.

पण त्या तीन अभिप्रायांच्या खाली आणखी एक कोष्टक असे. चित्रे, खेळण्याची सुलभता, चटक लागण्याचा गुण, पैशाचा मोबदला, अशी शीर्षके आणि प्रत्येकापुढे टक्के. सर्वांत शेवटी एकूण टक्के. नव्वदीपार गेलेल्या खेळाला 'क्रॅश स्मॅश' हा किताब. वाचकाने वर्णन वाचले काय, न वाचले काय, डोळा थेट त्या शेवटच्या आकड्यावर जाई. तीन माणसांचे मतभेद वर मांडायचे आणि खाली त्यांचा एक आकडा करून ते मिटवून टाकायचे, हा अंतर्विरोध या समीक्षेत पहिल्यापासून आहे. शाळकरी मुलांनी शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या मजकुराला प्रगतिपुस्तकाचे रूप यावे हे समजण्यासारखे आहे. गंमत अशी, की प्रगतिपुस्तकाचा हा नमुना पुढे प्रौढांनीही सोडला नाही.

न्यूजफील्डने १९८५ साली कमोडोर ६४ या यंत्राच्या मालकांसाठी 'झॅप ६४' काढले. त्यात अभिप्राय देणाऱ्याचा रेखाटलेला चेहराही शेजारी छापत. खेळ आवडला तर तोंड पसरलेले, नाही आवडला तर डोळे गरगरलेले. ज्युलियन रिग्नल, गॅरी पेन ही नावे वाचकांना वर्गमित्रांसारखी पाठ झाली. कुणाला काय आवडते हे ठाऊक झाल्यावर वाचक गणित करी : याला नेमबाजीचे खेळ नेहमीच आवडतात, तेव्हा याचे कौतुक थोडे कापून घ्यावे. समीक्षकाची अभिरुची माहीत असणे हे त्याच्या निष्पक्षपातीपणापेक्षा अधिक उपयोगी असते, असे माझे मत आहे. 'झॅप'च्या वाचकांना ते कुणी शिकवावे लागले नाही.

या मासिकांतला कल्पित माणसांचा वावरही पाहण्यासारखा आहे. 'क्रॅश'चा पत्रव्यवहार लॉइड मँग्रम नावाचे एक गृहस्थ सांभाळत. जुन्या टंकयंत्रावर काम करणारे, किंचित कुरकुरे, पण मुलांना मानाने उत्तर देणारे. असा माणूस नव्हताच. ते कचेरीतल्या मंडळींचे सामाईक टोपणनाव होते. टोपणनावांची परंपरा आपल्याला नवी नाही, पण इथे त्याचे काम निराळे होते. लडलोतल्या चार खोल्यांतल्या व्यवसायाला त्याने एक वडीलधारे माणूस दिले. 'युअर सिंक्लेअर' या लंडनच्या प्रतिस्पर्ध्याने याच्या उलट रस्ता धरला. तिथे वडीलधारे कुणीच नव्हते. सगळा अंक म्हणजे मधल्या सुट्टीतला दंगा. कोट्या, खोटी माहिती, चित्राखाली चित्राशी संबंध नसलेली ओळ. परीक्षणाचा अर्धा भाग लेखकाने सकाळी काय खाल्ले यावर जाई. गंभीर वाचकाला याचा कंटाळा येईल, मलाही काही ठिकाणी येतो. पण एक मान्य केले पाहिजे. मालाचे वर्णन करण्याच्या सक्तीतून लेखक प्रथम सुटला तो इथे. विनोदाच्या आडोशाने त्याने स्वतःसाठी जागा केली.

त्या जागेत कोण मावत होते आणि कोण नव्हते, हेही सांगायला हवे. 'इलेक्ट्रॉनिक गेम्स'च्या संस्थापकांत जॉइस वर्ली होत्या, 'युअर सिंक्लेअर'चे संपादन टेरेसा मॉन यांनी केले. कचेरीत स्त्रिया होत्या, पण पानावरचा 'तू' हा बहुधा मुलगाच असे. ऑलिव्हर फ्रे यांची मुखपृष्ठे विलक्षण ताकदीची आहेत (१९७८च्या 'सुपरमॅन' चित्रपटाच्या आरंभी दिसणारी चित्रकथेची पाने त्यांनीच काढली होती). पण त्या मुखपृष्ठांवर झुंजणारे देह पुरुषांचे. १९८७ साली 'बार्बेरियन' या खेळाच्या जाहिरातीत तोकड्या कपड्यांतली मॉडेल झळकली तेव्हा तक्रारी झाल्या. तक्रारींचीही करमणूक झाली आणि जाहिरात अधिकच गाजली. खेळाच्या चटकेला टक्के देणाऱ्या कोष्टकात अशा गोष्टीला रकाना नव्हता.

खपाच्या दृष्टीने हा भराचा काळ. १९८६च्या सुमारास 'क्रॅश'चा खप लाखाच्या घरात होता. मग उतार लागला आणि तो एका विचित्र वस्तूने वाढवला : मुखपृष्ठावर चिकटवलेली फुकट कॅसेट. एकाने एक खेळ दिला की दुसऱ्याने दोन द्यायचे. थोड्याच काळात लोक कॅसेटसाठी अंक घेऊ लागले आणि मजकूर हा कॅसेटचे वेष्टण झाला. आपल्याकडे २००१नंतर 'डिजिट'चा अंक सोबतच्या सीडीसाठी घेणारे पुष्कळ होते. त्यांना यावर वेगळे भाष्य नको. १९९१मध्ये न्यूजफील्ड बुडाली. 'क्रॅश' दुसऱ्या हाती गेले आणि १९९२ साली 'सिंक्लेअर युजर' या जुन्या प्रतिस्पर्ध्यात विलीन झाले. सात वर्षांपूर्वी 'क्रॅश'ने याच मासिकाचे 'अनक्लिअर युजर' असे विडंबन छापले होते आणि त्यावरून प्रकरण वकिलांपर्यंत गेले होते. पुढच्या वर्षी 'सिंक्लेअर युजर'ही गेले आणि 'युअर सिंक्लेअर'ही. यंत्र बाजारातून उठले की त्याची मासिके उठत. माणसाबरोबर त्याची बोली जावी तसे हे होते, कारण स्पेक्ट्रमवाल्यांची थट्टा कमोडोरवाल्यांना कळत नसे.

समीक्षेच्या अंगाने या इतिहासातले खरे प्रकरण सुरू होते ते मे १९९१मध्ये, बाथ शहरातून निघालेल्या 'अमिगा पॉवर'पासून. तोवर टक्क्यांची जी गत झाली होती ती परीक्षा घेणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल. शंभरची मोजपट्टी होती, पण वापरात होती ती फक्त वरची तीस-चाळीस अंशांची. सुमार खेळाला त्र्याहत्तर, बऱ्याला ब्याऐंशी, चांगल्याला एक्क्याण्णव. साठाच्या खाली कुणी जात नसे, कारण साठ दिले की प्रकाशकाचा फोन येई. 'अमिगा पॉवर'ने सांगितले की आमच्याकडे पन्नास म्हणजे मध्यम, आणि शून्यापासून शंभरापर्यंत सगळे आकडे आम्ही वापरणार. ऐकायला ही साधी अंकगणितातली दुरुस्ती वाटते. तिचे परिणाम साधे नव्हते. आपल्या ठीकठाक खेळाला इतरत्र अठ्ठ्याहत्तर मिळतात आणि इथे पंचावन्न, हे प्रकाशकांना अपमानास्पद वाटू लागले. काहींनी परीक्षणासाठी प्रती पाठवणे थांबवले, काहींशी उघड भांडण झाले. १९९४ साली 'राइज ऑफ द रोबॉट्स' हा खेळ मोठ्या गाजावाजाने आला. जाहिरातीत 'क्वीन'च्या ब्रायन मे यांचे नाव, चकचकीत यंत्रमानव, महिनोन्‌महिने आधीपासून छापलेली चित्रे. 'अमिगा पॉवर'ने त्याला ५ टक्के दिले.

हा नुसता रागीटपणा नव्हता. त्या मासिकाने खेळांच्या दोषांची स्वतःची परिभाषा घडवली : चुकल्यावर खेळाडूला फार मागे नेऊन टाकणे, पडद्याबाहेरून अचानक येणारा मृत्यू, कुठे उडी मारायची हे न दाखवता उडी मारायला लावणे. हे दोष महिन्यामागून महिने नाव घेऊन दाखवल्यावर वाचक ते स्वतः ओळखू लागले. समीक्षेची परिभाषा वाचकाच्या तोंडी रुळणे हे सगळ्याच मासिकांना साधत नाही. पण कमोडोर कंपनी एप्रिल १९९४मध्ये दिवाळखोरीत गेली होती आणि अमिगा हे यंत्रच संपत चालले होते. सप्टेंबर १९९६चा ६५वा अंक शेवटचा ठरला. त्यात त्यांनी आपल्या सर्व लेखकांना एकामागून एक मारून टाकले. कागदावर, अर्थात.

'अमिगा पॉवर'ला आदर्श मानणारे बरेच आहेत. माझा त्यांच्याशी एक मतभेद आहे. टक्क्यांची पट्टी सरळ केल्याने ती पट्टी हवी की नको हा प्रश्न सुटत नाही, उलट तिच्यावरचा विश्वास वाढतो. बाथमधूनच १९९३ साली निघालेल्या 'एज'कडे यासाठी पाहावे. काळसर, गंभीर, जाड कागदाचे मासिक. परीक्षणाखाली नाव नाही. चेहरे, टोपणनावे, कोट्या सगळे बाद. बोलणारा एकच, आणि तो म्हणजे मासिक. १९९४ साली त्यांनी 'डूम' या आज अभिजात मानल्या जाणाऱ्या खेळाला दहापैकी ७ दिले आणि परीक्षणकर्त्याने शेवटी एक इच्छा व्यक्त केली : या राक्षसांशी बोलता आले असते, मैत्री करता आली असती, त्यांच्याशी युती करता आली असती तर! यावर पुढे कितीतरी वर्षे लोक हसले. गोळ्या घालण्याच्या खेळात राक्षसाशी गप्पा कसल्या मारायच्या?

मला तो अभिप्राय त्या काळातल्या उत्तम समीक्षेपैकी एक वाटतो. समोरच्या कृतीबद्दल तो चुकीचा असेलही, कारण 'डूम'चे सौंदर्य तिच्या वेगात आहे आणि बोलणे वेग मारते. पण हा प्रकार अजून काय करू शकला असता, असे त्याने विचारले, आणि विकत घ्यावा की न घ्यावा या प्रश्नाची चौकट मोडली. शत्रूला गोळीखेरीज दुसरे उत्तर असू शकते का, हा प्रश्न पुढे अनेक खेळांनी गांभीर्याने घेतला. तो सातचा आकडा मात्र त्या विचाराच्या आड आला. लोक भांडले ते सात का, आठ का नाहीत यावर.

आकड्याला सोडचिठ्ठी देण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला, तोही सांगण्यासारखा आहे. 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' हे १९८१च्या अखेरीस रसेल साइप यांनी सुरू केलेले मासिक पहिली बारा-तेरा वर्षे गुण देतच नसे. परीक्षण वाचा आणि ठरवा, अशी भूमिका. १९९४ साली त्यांनी तारे द्यायला सुरुवात केली. २००६मध्ये धीर करून ते काढून टाकले आणि कृतीला जे करायचे होते ते तिला साधले का, एवढेच लिहायचे ठरवले. काही महिन्यांतच गुण परत आले. त्याच वर्षी मासिकाचे ते नावही गेले. जपानच्या 'फामित्सू'ने दुसरा मार्ग काढला : चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, बेरीज चाळीस. 'क्रॅश'च्या तिघांची आठवण व्हावी अशी ही रचना. पण १९९८ साली 'झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम'ला प्रथमच चाळीसपैकी चाळीस मिळाले, तेव्हा जगभर बातमी झाली ती बेरजेची. चौघांनी काय लिहिले ते कुणी विचारले नाही.

निंटेंडो कंपनीने तर १९८८ साली अमेरिकेत स्वतःचेच मासिक काढून पक्षकार आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत बसवले. त्यावर फार लिहिण्याची गरज नाही. ते निदान उघड होते.

सूचिपत्रातून मासिक निघाले तिथून आपण निघालो होतो. त्याचे दुसरे टोक २०२४ सालात आहे. 'गेम इन्फॉर्मर' हे अमेरिकन मासिक १९९१मध्ये खेळ विकणाऱ्या एका दुकानसाखळीने सुरू केले. पुढे ते 'गेमस्टॉप' या दुसऱ्या साखळीकडे गेले आणि दुकानाच्या सभासदत्वाबरोबर घरोघर पोचू लागले. खप अवाढव्य, अनेक प्रसिद्ध सामान्य मासिकांहून अधिक. ऑगस्ट २०२४मध्ये दुकानाने ते एका दिवसात बंद केले. कागदाचे अंक लोकांच्या घरी राहिले, पण संकेतस्थळावरचे वर्षानुवर्षांचे लेखन तत्काळ दिसेनासे झाले. मार्च २०२५मध्ये नव्या मालकाकडे ते पुन्हा सुरू झाले. तो नवा मालक स्वतः खेळ बनवणारी कंपनी आहे.

यात नुकसान कशाचे होते हे समजायला एक आकडा पुरे. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ साली पाहणी करून दाखवले, की २०१०पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. कॅसेटची फीत झिजते, चकती खराब होते, यंत्र भंगारात जाते, हक्क कुणाकडे आहेत ते कळत नाही. अशा शेकडो खेळांचा उरलेला पुरावा म्हणजे कुठल्यातरी मासिकातले अर्धे पान : दोन धूसर चित्रे, लडलोतल्या एखाद्या मुलाने शाळेनंतर लिहिलेल्या दहा ओळी, आणि ६४ टक्के. मूळ ग्रंथ गहाळ आणि टीका तेवढी शिल्लक, ही अवस्था प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. इथे ती चाळीस वर्षांत आली. अशा वेळी तो आकडा सर्वांत निरुपयोगी ठरतो. उपयोगी पडतात त्या उडी मारताना बोट अडखळते म्हणणाऱ्या ओळी, कारण खेळ हातात कसा लागत होता हे केवळ त्यांतून कळते.

याच संस्थेने जानेवारी २०२५मध्ये आपले ग्रंथालय महाजालावर खुले केले. त्यात बंद पडलेल्या मासिकांचे दीड हजारांहून अधिक अंक आहेत आणि त्यांतला मजकूर शोधता येतो. स्पेक्ट्रमची ब्रिटिश मासिके हौशी लोकांनी याआधीच पानेन्‌पाने उतरवून ठेवली आहेत. बरे झाले, की त्यांनी जाहिराती गाळल्या नाहीत. आजच्या अभ्यासकाला परीक्षण वाचता वाचता समोरच्या पानावर त्याच खेळाची रंगीत, पूर्ण पानाची जाहिरात दिसते, आणि कोष्टकातले टक्के कसे पडले असतील याचा अंदाज करता येतो.